पेढ्यात शिसं? रिपोर्टवर 'नॉट डिटेक्टेड' आहे, तरी गिऱ्हाईक मानत नाही

सुगरण_उत्तरेश्वर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकायचा की आरोग्यात ते कळेना, म्हणून इथं टाकलाय. ॲडमिननी हलवला तरी चालेल.

मी कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत घरूनच खवा, पेढे, बासुंदी करून देते. सहा वर्षं झाली. रोज पंचवीस लिटर म्हशीचं दूध लागतं आणि ते करवीर तालुक्यातल्या एकाच गोठ्यावरून येतं. दिवाळीसाठी पुण्याच्या एका दुकानाची मोठी ऑर्डर आलीय. त्यांच्याकडे लहान मुलांसाठी घेणारं गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे त्यांना जड धातूंचा रिपोर्ट हवाय. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. मी आजवर दुधाचं फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) यापलीकडं काही तपासलेलं नाही.

एका लॅबला पेढे दिले. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, चारही धातूंपुढे 'नॉट डिटेक्टेड'. म्हटलं सुटलो. दुकानाला पाठवला तर उलट टपाली उत्तर, "मॅडम, हा चालणार नाही, एलओक्यू जास्त आहे." आता हे एलओक्यू काय आणि ते जास्त असायला मी काय केलं? साडेतीन हजार गेले. कुणी या क्षेत्रातलं असेल तर सांगा हो.

जुना_पेठकरी | सोमवार, रात्री १०:०५

वहिनी, आम्ही तालमीतून सुटलो की थेट गंगावेशीत. म्हशीखाली चरवी, समोर फेसाळलेला पेला, ओठाला गरम लागायचं दूध. तेव्हा कुणी धातू विचारला नाही. पेला पितळेचा होता एवढंच माहीत.

(मदत होणार नाही, पण धागा वर राहील.)

आर्गॉन | सोमवार, रात्री १०:५२

सुगरणताई, मी पुण्यात एका फूड लॅबमध्ये हेच धातू मोजायच्या मशीनवर बारा वर्षं काढली, आता दुसरं काम करतो. तुमच्या रिपोर्टवर निकालाच्या शेजारी एक बारीक रकाना असेल. शिशापुढे तिथं काय आकडा आहे?

सुगरण_उत्तरेश्वर | सोमवार, रात्री ११:०१

०.१ मिग्रॅ/किलो. बाकीच्यांपुढंही तेच.

आर्गॉन | सोमवार, रात्री ११:३४

मग दुकानवाले बरोबर आहेत. रागावू नका, त्यांच्याकडे कुणीतरी रिपोर्ट वाचणारा माणूस आहे, हे दुर्मीळ आहे.

एलओक्यू म्हणजे ज्याच्या खालचा आकडा ती लॅब खात्रीनं सांगू शकत नाही ती पातळी. दुधातल्या शिशाची मर्यादा कोडेक्सची (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं) आणि आपल्या एफएसएसएआयचीही (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) ०.०२ मिग्रॅ/किलो आहे. म्हणजे एक किलो दुधात २० मायक्रोग्रॅम. तुमच्या लॅबची नजर सुरू होते १०० मायक्रोग्रॅमला, मर्यादेच्या पाचपट वर. उसाच्या गाडीच्या वजनकाट्यावर नथ ठेवा. काटा शून्य दाखवेल. काटा खोटं बोलत नाही, पण नथ नाही असंही त्यातून निघत नाही.

लॅबनं फसवलंय असं नाही. त्यांच्याकडे बहुधा साधं फ्लेमवालं एएएस (ज्योतीत धातू मोजणारं मशीन) असेल, मसाले तपासायला ते पुरतं. दुधाला त्याहून कितीतरी बारीक मोजणारं आयसीपी-एमएस मशीन लागतं, निदान ग्रॅफाइट फर्नेसवालं एएएस तरी.

यात अवघड काय आहे ते थोडक्यात सांगतो. अर्धा ग्रॅम नमुना घ्यायचा, टेफ्लॉनच्या बंद भांड्यात नायट्रिक आम्ल आणि थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये दोनशे अंशांच्या आसपास शिजवायचा. चरबी, केसीन (दुधातलं प्रथिन), साखर सगळं जळून पाण्यासारखं स्वच्छ द्रावण उरतं. ते ५० मिलीपर्यंत वाढवायचं, म्हणजे नमुना शंभरपट पातळ झाला. दुधात मर्यादेइतकं, २० पीपीबी (किलोमागे मायक्रोग्रॅम) शिसं असेल तर मशीनसमोर येतं ०.२ पीपीबी. मग ते द्रावण आर्गॉनच्या प्लाझ्मात फवारतात, तिथं तापमान सहा ते दहा हजार केल्विन. अणूंचे आयन होतात आणि वजनानुसार वेगळे मोजले जातात. शिशाचे २०६, २०७, २०८ असे तिन्ही समस्थानिक (वेगळ्या वजनाचे अणू) धरून बेरीज करतात.

या पातळीवर खोलीतली धूळ, हातमोज्यांची पावडर, काचेची बाटली, सगळं बोलायला लागतं. म्हणून प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना चालवतात, ज्यात दूध नाही, फक्त आम्ल आहे. त्यातच शिसं दिसलं तर त्या दिवसाचं सगळं काम पुन्हा. मी हे केलंय. दोन दिवस शोधून सापडलं ते एका नव्या पिपेटच्या टिपमध्ये.

किटवाले_सर | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढा खर्च कशाला? ऑनलाइन पट्ट्या मिळतात, दुधात बुडवा, रंग बदलला की शिसं. दोनशे रुपयांत काम.

आर्गॉन | मंगळवार, सकाळी ८:२०

सर, त्या पट्ट्या जिथं पीपीएममध्ये, म्हणजे पीपीबीच्या हजारपट, भरपूर शिसं आहे तिथं कदाचित रंग दाखवतील. दुधात आपण पीपीबी शोधतोय, आणि त्यातलं शिसं केसीनला चिकटून बसलेलं असतं. पट्टी पांढरी राहील आणि माणूस निर्धास्त होईल. ते वाईट.

निनाद_प | मंगळवार, सकाळी ९:१०

मी रात्री हे वाचलं आणि झोप उडाली. मुलगी दोन वर्षांची आहे, दिवसाला अर्धा लिटर पिते. बायको म्हणते दूध बंद करू. आम्ही फुलेवाडीत राहतो, नदी जवळ, पंचगंगेचं पाणी कसं असतं माहीतच आहे सगळ्यांना. म्हशी तिथलाच चारा खातात. काय करू?

पंढरपुरी_म्हस | मंगळवार, सकाळी ९:४८

निनादराव, जरा दमानं घ्या की. आधी दुधात युरिया, मग दुधात पावडर, आता शिसं. एक व्हॉट्सॲप फिरला की संस्थेत लिटरमागं बोलणी आम्हाला बसत्यात. माझ्या सात म्हशी हैत, पहाटे साडेचारला उठतो. उसाचं वाडं, मका, कडबा, पेंड. दहा दिवसाला बिल निघतंय, त्यातनं पेंडीचं कापून घेत्यात, राहिलं त्यात घर. दूध बंद करा म्हणायला काय जातंय?

नदीचं म्हणाल तर आम्हीबी त्याच पाण्याच्या नावानं बोंबलतोय. पण गोठ्यात बोअरचं पाणी हाय.

आर्गॉन | मंगळवार, सकाळी ११:०२

पंढरपुरीदादांच्या बाजूनं एक गोष्ट. या बाबतीत म्हैस ही चांगली गाळणी आहे. तिच्या पोटात गेलेल्या शिशातलं थोडंच रक्तात उतरतं, रक्तातलं बरंचसं हाडांत जाऊन बसतं, कारण शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं. कॅडमियम यकृतात आणि मूत्रपिंडात साठतं. दुधात उतरतं ते अगदी थोडं. पारा हा मुख्यतः माशांचा विषय. त्यामुळे ताजं दूध मर्यादेबाहेर जाणं हे रोजचं नव्हे, त्याला तसं काही घडावं लागतं.

असं घडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणानं: गोठ्याजवळ पडलेली जुनी बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी फुटली की तिच्या प्लेटा जनावरं चाटतात. आंधळी होतात, दात खातात, मरतातही. दुसरं कारण, हलक्या दर्जाचं खनिज मिश्रण. त्यातलं फॉस्फेट शुद्ध केलेलं नसेल तर कॅडमियम येऊ शकतं.

पंढरपुरी_म्हस | मंगळवार, सकाळी ११:२०

बॅटरीचं खरं हाय. आमच्या भावकीत एक रेडकू असंच गेलं होतं, डॉक्टर म्हणाले विषबाधा, कशाची ते कुणाला कळलं न्हाई. कोपऱ्यात जुनी बॅटरी होती. आता डोक्यात प्रकाश पडतोय. माझ्या गोठ्यात एक हाय, आजच भंगारात घालतो.

बाळांची_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:३०

निनाद, मुलीचं दूध बंद करू नका. कॅल्शियम आणि लोह कमी पडलं तर आतडं शिसं उलट जास्त ओढून घेतं. लहान मुलं गिळलेल्या शिशातलं चाळीस-पन्नास टक्के शोषून घेतात, मोठी माणसं साधारण दहा. म्हणून काळजी मुलांची, पण इलाज उपाशी ठेवणं हा नाही.

खरंच शंका असेल तर रक्तातलं शिसं तपासा, शिरेतून रक्त घेऊन. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात त्वचेवरची धूळ मिसळते आणि आकडा फुगतो. जागतिक आरोग्य संघटना ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरला उगम शोधायला सांगते, अमेरिकेनं २०२१ पासून ३.५ धरलंय. याखाली सगळं सुरक्षित असा त्याचा अर्थ नाही, शिशाला सुरक्षित पातळी मानतच नाहीत.

आणि घरात आधी बघायच्या गोष्टी: सुरमा लावता का? पोपडे निघालेला जुना रंग खिडकीला आहे का? माझ्या ओपीडीत मी दुधाच्या आधी हेच विचारते.

निनाद_प | मंगळवार, दुपारी ३:०५

सुरमा नाही. खिडकीचा रंग मात्र आजोबांच्या काळातला, आणि ती तिथंच उभी राहून रस्ता बघते. धन्यवाद डॉक्टर.

सुगरण_उत्तरेश्वर | मंगळवार, रात्री ९:१५

आर्गॉनदादा, दुसऱ्या लॅबशी बोलले. एलओक्यू ०.००५ म्हणाले. एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळा पारखणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे म्हणतात. पुरे का? आणि पेढेच द्यायचे का?

आर्गॉन | मंगळवार, रात्री १०:२०

नुसती मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. त्यांच्या मान्यतेच्या यादीत, तिला स्कोप म्हणतात, 'दुग्धजन्य पदार्थ – शिसे' अशी ओळ आहे का ते बघा. एनएबीएलच्या संकेतस्थळावर ती सगळ्यांना खुली असते. २०१५ मध्ये नूडल्सवर शिशापायी देशभर बंदी आली होती, आठवत असेल. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि त्यातला एक मोठा मुद्दा हाच होता की तपासणाऱ्या प्रयोगशाळांना त्या कामाची मान्यता नव्हती.

पेढेच देऊ नका. पेढ्यात शिसं निघालं तर ते म्हशीचं, किटलीचं, कढईचं की साखरेचं, हे कसं कळणार? टप्प्याटप्प्यानं द्या. गोठ्यावर धार काढल्या काढल्या एक नमुना. घरी पोचल्यावर किटलीतून दुसरा. खवा तिसरा. पेढा चौथा. लॅबकडून आम्लानं धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या मागा, तुमच्या बरण्या नकोत. खवा प्लास्टिकच्या नव्या चमच्यानं भरा. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून पाठवा.

जुना_पेठकरी | मंगळवार, रात्री १०:४४

केशरी पेढ्यात रंगाला हळद टाकतात काही जण. हळदीचंही काहीतरी वाचलं होतं.

आर्गॉन | मंगळवार, रात्री ११:००

बांगलादेशात झालं ते. पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट घालत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते सापडलं, सरकारनं धाडी घातल्या, २०२१ मध्ये शून्य टक्के. मनावर घेतलं की होतं. पण ताई हळद घालत असतील असं वाटत नाही.

सुगरण_उत्तरेश्वर | मंगळवार, रात्री ११:०६

पेढ्यात हळद!! पेठकरीकाका, या एकदा घरी.

कोर्टकचेरी | बुधवार, सकाळी १०:३०

ग्राहकांसाठी एक माहिती, कारण हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कुणीही खरेदीदार फी भरून अन्न विश्लेषकाकडून वस्तू तपासून घेऊ शकतो. अट एवढीच की घेतानाच विक्रेत्याला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. नमुना नियमाबाहेर निघाला तर भरलेली फी परत मिळते. घरी आणून, फोडून, आठवड्यानं दिलेल्या पिशवीवर कोर्टात काही उभं राहत नाही.

सुगरण_उत्तरेश्वर | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, संध्याकाळी ६:१२

रिपोर्ट आला. हात थरथरतोय म्हणून जसा आहे तसा लिहिते. फक्त शिसं, मिग्रॅ/किलो.

दूध, गोठ्यावर: एलओक्यूखाली
दूध, घरी: एलओक्यूखाली
खवा: ०.०८५
पेढा: ०.०६४

बाकी तिन्ही धातू चारही नमुन्यांत एलओक्यूखाली.

दूध चांगलं आहे आणि खव्यात हे कुठून आलं? आटवल्यामुळं वाढलं असं म्हणायचं का?

पंढरपुरी_म्हस | शुक्रवार, संध्याकाळी ६:३०

दूध स्वच्छ निघालं, हे आधी मोठ्या अक्षरात लिवा.

आर्गॉन | शुक्रवार, संध्याकाळी ७:४५

ताई, आधी बसा. पाणी प्या. आता एक हिशोब.

दूध आटलं की धातू वाफेबरोबर उडत नाही, तो खव्यातच राहतो. पाच लिटरचा एक किलो खवा धरा, म्हणजे पाचपट. दुधात जास्तीत जास्त ०.००५ असेल तर खव्यात जास्तीत जास्त ०.०२५. तुमच्याकडे ०.०८५ आहे. मधले ०.०६ दुधातले असूच शकत नाहीत. (म्हणून पेढ्याला सरळ दुधाचा ०.०२ चा आकडाही लावू नका, त्यातला खवा पाच लिटरचा किलो झालेला असतो.)

पेढ्यात तीन भाग खव्याला एक भाग साखर घालत असाल तर ०.०८५ चे पाऊण, ०.०६४. रिपोर्टशी तंतोतंत. म्हणजे साखरेतून काही आलेलं नाही, उलट तिनं पातळच केलं. आणि दोन्ही आकडे ०.१ च्या खाली आहेत, त्यामुळे पहिल्या लॅबचं 'नॉट डिटेक्टेड' खरंच होतं. नथ काट्यावर होती.

घरी पोचलेलं दूध आणि खवा यांच्या मध्ये काय काय आहे?

सुगरण_उत्तरेश्वर | शुक्रवार, रात्री ८:०२

स्टीलचं पातेलं, मलमलचं कापड, कढई, उलथनं. बस्स.

कढई सासूबाईंची. पितळेची, ओतीव, दोन माणसांनी उचलायची. आतून कल्हई. श्रावणात केली होती. तळाला जिथं उलथनं फिरतं तिथं तळहाताएवढं पिवळं दिसतंय.

जुना_पेठकरी | शुक्रवार, रात्री ८:०९

पितळेचा पेला.

आर्गॉन | शुक्रवार, रात्री ९:१५

दोन संशयित आहेत. एक पितळ स्वतः. ओतीव पितळेत थोडं शिसं असतंच, त्यानं धातू कापायला, घासायला सोपा जातो. दुसरी कल्हई. कल्हई म्हणजे शुद्ध कथील हवं. पण कथील शिशाच्या कितीतरी पट महाग, आणि दोन्ही दिसायला एकसारखे पांढरे.

आणखी एक, पितळ वाईट आणि बाकी सगळं चांगलं असं समजू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२५ मध्ये ज्या आयात भांड्यांबद्दल इशारा दिला त्यात हिंडालियमची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, नावं होती.

गुजरीकर | शनिवार, सकाळी ११:४०

मी वाचक आहे, लिहीत नाही सहसा. गुजरीत आमचं सोनं तपासायचं कॅरट मीटर आहे, एक्स-रेवालं. वहिनी, कल्हईवाल्यांकडून कथलाचा तुकडा मिळाला तर घेऊन या. पाच मिनिटांचं काम, पैसे नकोत.

आर्गॉन | शनिवार, दुपारी १२:०५

उत्तम. फक्त कढईवर धरू नका, कल्हईचा थर इतका पातळ असतो की किरण आरपार जाऊन खालचं पितळही मोजतात. कथलाची कांडीच मोजा. मशीन सोन्यासाठी बसवलेलं आहे, तेव्हा टक्केवारी अदमासेच धरायची.

सुगरण_उत्तरेश्वर | सोमवार, रात्री ९:३०

कल्हईवाले मामा सापडले, शनिवार पेठेतल्या एका बोळात भाता लावून बसले होते. साठीचे असतील. कोळसा, नवसागराची पुडी, कापसाचा बोळा. भांडं लाल होईतो तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, कांडी टेकवली की पाण्यासारखी पसरते आणि बोळा एकदाच गोल फिरवला की आरसा. लहानपणी मी तासन् तास बघत बसायची. परवा मात्र त्या धुराकडंच बघत होते.

त्यांना सरळ सांगितलं. वाटलं चिडतील. त्यांनी कांडीचा तुकडा मोडून हातात दिला. म्हणाले, "मी काय कारखाना घातलाय का ताई? दुकानात कल्हईचं कथील म्हणून देतात ते घेतो. मागच्या दोन वर्षांत कांडी लवकर वितळती, कोळसा कमी लागतोय, मला वाटलं माल चांगला आला."

गुजरीत नेली. पडद्यावर कथील आलं आणि त्याच्या खाली शिसं. अदमासे तिसरा हिस्सा.

आर्गॉन | सोमवार, रात्री १०:१०

मामांनी बरोबर ओळखलं होतं, अर्थ उलटा लावला. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, शिसं मिसळलं की त्याच्या आधीच, ठरावीक मिश्रण १८३ ला. डाग द्यायला म्हणूनच ते वापरतात.

मामांना एक जुनी परीक्षा सांगा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो, कथील रडतं म्हणतात. शिसं मिसळलेली गप्प वाकते आणि कागदावर ओढली तर पेन्सिलीसारखी राखाडी रेघ उमटते.

बाळांची_डॉक्टर | सोमवार, रात्री १०:४०

या सगळ्यात सर्वात जास्त शिसं कुणाच्या अंगात असेल तर त्या मामांच्या. त्यांना माझ्याकडे पाठवा, रक्त तपासून घेऊ. मी मुलांची डॉक्टर असले तरी एवढं करता येतं. आणि दोन गोष्टी सांगा त्यांना: काम करून हात धुतल्याशिवाय तंबाखू मळायची नाही, आणि कामाचा शर्ट नातवंडांच्या कपड्यांत धुवायचा नाही.

सुगरण_उत्तरेश्वर | सोमवार, रात्री ११:२०

डॉक्टर, मला एक विचारायचं होतं, धाडस होत नव्हतं. मामा म्हणतात ही कांडी दोन वर्षांची. दोन वर्षं मी हेच पेढे विकले. बारशाला, पाचवीच्या पुजेला, शाळेच्या निकालाला. माझ्या भाचीला वाढदिवसाला अर्धा किलो.

बाळांची_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७:५०

ताई, आकड्यातच बोलू. वीस ग्रॅमचा पेढा, त्यात सुमारे १.३ मायक्रोग्रॅम शिसं. अमेरिकेनं मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हा संदर्भ आकडा धरलाय आणि तो दहापट सावधगिरी ठेवून काढलाय. बारशाच्या एका पेढ्यानं कुणाचं काही झालेलं नाही. रोज दोन पेढे खाणारं मूल असेल तर ते त्या आकड्याच्या वर जातं, आणि ते थांबायला हवं होतं. ते आता थांबलंय. भाचीचं रक्त तपासायचं तर तपासा, तुम्हाला झोप येईल.

सुगरण_उत्तरेश्वर | दहा दिवसांनी, शनिवार, दुपारी ४:००

उशीर झाला, कामात होते. त्याच गोठ्याचं दूध स्टीलच्या जाड बुडाच्या कढईत आटवून खवा परत त्याच लॅबला दिला. ०.०११. आर्गॉनदादांच्या हिशोबात बसतं ना? पाचाने भागलं की दूध ०.००२ येतं, म्हणजे एलओक्यूखालीच.

पुण्याच्या दुकानाला तिन्ही रिपोर्ट पाठवले, पहिल्यापासूनचे, काही लपवलं नाही. दोन दिवस उत्तर नव्हतं. मग फोन आला. ऑर्डर निम्मी केली, पण दिली. नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही कळवलं. दोघींनी परत घेणार नाही म्हणून सांगितलं, एकीनं कढई कुठली घेतली ते विचारलं.

भाचीचं रक्त २.१. डॉक्टर म्हणाल्या ठीक. मामांचं १९. त्यांनी तंबाखू सोडलेली नाही, पण हात धुतात. नवी कांडी आणली तेव्हा दुकानातच कानाला लावून वाकवली. दुकानदार बघत राहिला म्हणे.

सासूबाईंची कढई माळ्यावर ठेवलीय. मोडीत घालवत नाही.

आता खरा प्रश्न. स्टीलमध्ये खवा फार पटकन लागतो. पितळेत मी मध्येच उठून फोन घ्यायचे, इथं पापणी लवली की करपला. रंगही तसा येत नाही. कुणी स्टीलमध्ये करतं का? उलथनं कुठलं वापरता?

जुना_पेठकरी | शनिवार, संध्याकाळी ५:२०

आमच्या घरी लोखंडी कढई होती, तिच्यात खव्याला गुलाबी रंग यायचा. उलथनं सागाचं, टोक तिरकं कापलेलं, म्हणजे कोपऱ्यात पोचतं.

पंढरपुरी_म्हस | शनिवार, संध्याकाळी ५:४१

आच कमी ठेवा आणि पहिल्या उकळीपासनं हलवा. दूध पुरवणाऱ्याचं नाव त्या दुकानाच्या डब्यावर घालता येतंय का बघा की.